पेटी उघडण्याआधी

मधमाश्यांची पेटी दिवस मावळल्यावर आणायची. रानात गेलेल्या माश्या तोवर परतलेल्या असतात. दाराला जाळी लावली की सगळी वसाहत आत असते. भर दुपारी पेटी उचलली तर वावरांत फिरणाऱ्या शेकडो माश्या मागे राहतात, जुन्या जागी येतात, घर नसलेल्या त्या हवेत घिरट्या घालतात आणि रात्री तिथेच गारठतात. म्हणून नव्या वसाहतीसाठी करायचं पहिलं काम तिच्या जुन्या जागेवर करायचं असतं, आणि ते काम म्हणजे अंधार पडेपर्यंत थांबणं. मननालाही तिथूनच सुरुवात करा. घाई न करता, कुणी बाहेर राहिलेलं नाही ना हे बघत.

अमरावती जिल्ह्यातल्या भातकुलीला हे कार्तिकात जमतं. पाऊस सरलेला असतो, सोयाबीन घरी आलेलं असतं, पऱ्हाटीची बोंडं फुटायला लागलेली असतात आणि तुरी फुलोऱ्यावर येत असतात. खारपाणपट्ट्यातली ही काळी, खोल, भारी जमीन माश्यांसाठी याच दिवसांत सगळ्यांत भरलेली असते.

मागच्या आंगणात जागा निवडून ठेवलेली असेलच. सकाळचं कोवळं ऊन पडेल आणि दुपारी कडुनिंबाची सावली येईल अशी. चार पायांची घडवंची, प्रत्येक पाय पाण्याच्या वाटीत, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. दार पूर्वेला. पेटी पुढच्या बाजूला किंचित उतरती, म्हणजे पावसाचं पाणी आत थांबत नाही. एवढं झालं की पेटी ठेवा.

जाळी लगेच काढू नका. झाकणावर तळहात ठेवा. प्रवासाचा थरकाप लाकडातून हाताला कळतो. टेम्पोच्या हादऱ्यांनी आतला सगळा संसार ढवळून निघालेला असतो. आवाज चढा असतो, तुटक असतो. तुमच्या हाताने आता काहीच करायचं नाही. श्वास चालू आहे, तो चालू द्या. हळूहळू आतला आवाज खाली येतो, एकसंध होतो, शेजारच्या खोलीत कुणी जातं ओढत असावं तसा. तो तसा झाला की मगच जाळी काढा आणि बाजूला व्हा.

काही माश्या चालत उंबऱ्यावर येतात. उडत नाहीत. तोंड पेटीकडे, पोटाचं टोक वर उचललेलं, पंख सतत हलते. त्या टोकाजवळ एक ग्रंथी उघडते. नासोनोव्ह या रशियन प्राणिशास्त्रज्ञाच्या नावाने ती ओळखली जाते. तिच्या स्रावात गवती चहातले सुगंधी घटक असतात. पंखांच्या वाऱ्याने माश्या तो वास अंधारात सोडतात आणि मागे राहिलेल्या सोबत्यांना त्यातून कळतं की घर इथे आहे. मोहोळ धरणारे लोक रिकाम्या पेटीला आतून गवती चहा चोळतात तो याच कारणाने. जवळ बसलात आणि वारा पडलेला असेल तर तुम्हालाही त्या वासाची पुसट चाहूल लागू शकते. प्रवासातून आल्यावर या जिवांनी पहिलं काम केलं ते एकमेकांना बोलावण्याचं. त्यावर थोडा वेळ मन राहू द्या.

मग झाकण उघडून बघावंसं वाटेल. राणी ठीक असेल ना, एखादं पोळं मोडलं तर नसेल ना. या इच्छेकडे नीट बघा. तिच्यात काळजी आहे, पण मालकीही आहे. पेटी माझी, तेव्हा आतलं मला दिसलंच पाहिजे. पेटी तुमची आहेच. पैसे दिलेत, महाबळेश्वरच्या मध संचालनालयाच्या योजनेतून निम्म्या अनुदानावर घेतली असेल, रीतसर प्रशिक्षणही झालं असेल. लाकूड तुमचं, चौकटी तुमच्या, धुराडं तुमचं. आत जे आहे ते मात्र उद्या सकाळी उघड्या दारातून बाहेर जाणार आहे, आणि परत यायचं की नाही हे त्याचं तेच ठरवणार आहे.

मेळघाटात झाडांच्या ढोलींत राहणारी आपली सातेरी तर फार लवकर घर सोडते. पेटी वारंवार उघडली, धूर जास्त झाला, मुंग्या शिरल्या, खायला कमी पडलं, की अख्खी वसाहत निघून जाते. म्हणून सुरुवातीचे काही दिवस दाराला क्वीन गेट लावतात. कामकरी माश्या त्याच्या फटीतून ये-जा करतात, अंगाने मोठी राणी अडते. मेलिफेरा त्या मानाने स्थिर. युरोपातली ही माशी १९६० च्या दशकात पंजाब-हिमाचलकडे रुजली आणि आज सपाट मुलखात पेट्यांमधून फिरताना दिसते ती बहुधा हीच. पण पहिला आठवडा एकांत तिलाही हवा असतो. फाटक लावलं असेल तर ते फार दिवस ठेवू नये, असं माझं मत आहे. कामकरी माश्यांच्या मागच्या पायांवर परागाच्या गोळ्या येताना दिसू लागल्या की आत अळ्यांना भरवणं चालू आहे असं समजावं आणि फाटक काढावं. अळ्या असलेलं घर माश्या सहजी सोडत नाहीत. त्यांना थांबवणारी गोष्ट आतच असते.

पहिल्या काही संध्याकाळी साखर आणि पाणी सारख्या मापाने घेऊन केलेला पाक चौकटींना हात न लावता पेटीच्या आत ठेवावा, बाहेर थेंबही सांडू देऊ नये. सांडला तर दुसऱ्या माश्या लुटायला येतात.

आता दुसरा दिवस. ऊन वर येण्याआधी पेटीच्या बाजूला जाऊन बसा. समोर बसू नका, समोरची वाट त्यांची आहे. केळं खाऊन जाऊ नका. डंख मारताना माशी जो धोक्याचा वास सोडते त्यातला मुख्य पदार्थ पिकल्या केळ्यातही असतो. घरात कुणाला डंखाची ॲलर्जी असेल, अंगावर गांधी उठून दम लागत असेल, तर परसात पेटी ठेवूच नये. हे आधीच डॉक्टरांना विचारून घ्यावं.

पहिली माशी बाहेर येते. उडते आणि लगेच मागे वळते. तोंड पेटीकडे करून हवेत डावीउजवीकडे झोके घेते, मग थोडी मागे सरकते, पुन्हा झोके, मग वर्तुळं, मग मोठी वर्तुळं, आणि दिसेनाशी होते. तिच्या मागून दुसरी, तिसरी. थोड्या वेळात पेटीसमोरची हवा अशा माश्यांनी भरून जाते आणि नवख्या माणसाला वाटतं, या चिडल्या. चिडलेल्या नसतात. त्या शिकत असतात. दाराची फट, तिच्या वरची कड, कडुनिंबाचं खोड, न्हाणीची भिंत, कपडे वाळत घालायची दोरी, या सगळ्यांची एकमेकांपासूनची जागा. काल संध्याकाळपर्यंत जी माशी दुसऱ्या गावची वाट डोळे मिटून उडाली असती, ती आज सगळं पहिल्यापासून पाठ करते आहे.

हे पाठ करणं इतकं पक्कं असतं की नंतर पेटी चार-सहा हात जरी हलवली तरी माश्या आधीच्या जागी येऊन थांबतात. मधपाळांचा जुना नियम आहे: पेटी हलवायची तर तीन फुटांच्या आत किंवा तीन मैलांच्या पलीकडे. थोडीशी हलली तर त्या शोधून घेतात, फार दूर गेली तर सगळं नव्याने शिकतात. मधल्या अंतरात हरवतात. जागा निवडायला वेळ घ्यायचा तो म्हणून. एकदा माश्यांनी तुमचं आंगण शिकून घेतलं की तुमच्या सोयीने त्यात बदल करता येत नाही.

इथे थोडं थांबा. आपल्या घराकडे बाहेरून, परत वळून, आपण शेवटचं कधी पाहिलं होतं? कुलूप लावताना नव्हे, नुसतं बघण्यासाठी. भिंतीचा कुठला कोपरा ओला आहे, कडुनिंब किती पसरला आहे, शेजारच्या छपरावरून गेलेल्या कुठल्या तारेवर वेडा राघू बसतो. त्या राघूकडेही लक्ष जाऊ द्या. हिरवा, देखणा पक्षी, आणि आता त्याला तुमच्या परसात जेवण मिळणार आहे. तो रोज काही माश्या नेईल. भरलेल्या वसाहतीला ते सोसतं.

माश्या गेल्या कुठे, हे तुम्हाला दिसत नाही. आतल्या माश्यांना मात्र थोड्या वेळात कळतं. परत आलेली माशी उभ्या पोळ्यावर, पूर्ण अंधारात, एका सरळ रेषेत पोट थरथरवत चालते, वळून मागे येते, पुन्हा तीच रेषा. पोळ्यावरची वरची दिशा म्हणजे सूर्य. तुरीचं वावर सूर्याच्या उजवीकडे जितक्या कोनात असेल तितकीच तिची रेषा उजवीकडे कललेली. थरथर साधारण एक सेकंद चालली तर अंतर जवळपास एक किलोमीटर. ऑस्ट्रियाच्या कार्ल फॉन फ्रिश यांनी ही भाषा उलगडली आणि १९७३ चं नोबेल त्यांना इतर दोघांबरोबर मिळालं. पेढी नदीच्या काठची एखादी बाभूळ या क्षणी तुमच्या पेटीत अंधारात सांगितली जात असेल. सांगणारीच्या अंगाला अंग लावून, तिच्या मागे चालून, बाकीच्या ते ऐकतात. डोळ्यांचा तिथे उपयोग नाही.

मग तुम्हीही डोळ्यांवाचून पेटीकडे जायला शिका. झाकण न उघडता लाकडाला कान लावा. राणी असलेल्या वसाहतीचा आवाज सलग असतो. राणी हरवली असेल तर त्यात एक विस्कटलेला, लांबत जाणारा सूर येतो. एकदा ऐकला की विसरत नाही. जिनिव्हाच्या फ्रांस्वा ह्युबर यांची दृष्टी तरुणपणीच गेली होती. त्यांचा सेवक बर्नेन्स बघायचा, ते प्रश्न विचारायचे, पुन्हा बघायला लावायचे. राणीचं मीलन पेटीबाहेर, उडताना होतं हे त्यांनी दाखवलं आणि १७९२ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. आजही मधमाश्यांचा अभ्यास करणारे त्यांच्यापासून सुरुवात करतात. आपल्या जिल्ह्याला यात परकं वाटायचं कारण नाही. माधानच्या गुलाबराव महाराजांची दृष्टी तान्हेपणीच गेली. १८८१ ते १९१५ एवढंच आयुष्य, आणि त्यात दुसऱ्यांकडून ग्रंथ वाचून घेऊन, सांगून लिहवून त्यांनी केवढं काम उभं केलं. दुसऱ्याच्या डोळ्यांनी नीट बघता येतं, पण त्यासाठी प्रश्न अचूक हवा आणि धीर हवा. पेटीजवळ रोज थोडा वेळ असा बसा की एकच प्रश्न मनात असेल. आज पराग आला का? आज आवाज कसा आहे? एका दिवसाला एक पुरे.

आठवडाभराने, ऊन असताना आणि वारा नसताना, पेटी पहिल्यांदा पूर्ण उघडा. थोडा धूर, सावकाश हात. एक चौकट वर घ्या आणि उन्हाकडे पाठ करून खोल्यांच्या तळाशी बघा. तांदळाच्या कणीहून बारीक, पांढरं, उभं असं अंडं दिसलं तर राणी तीन दिवसांच्या आत तिथून गेली आहे, कारण तिसऱ्या दिवशी अंड्यातून अळी निघते. राणी स्वतः दिसायची गरज नाही. चौकट परत ठेवा, झाकण लावा.

हे सगळं शक्य होतं ते एका मोकळ्या फटीमुळे, आणि तिच्यावर सावकाश विचार करावा असं मला नेहमी वाटतं. दोन पोळ्यांमध्ये, पोळं आणि भिंत यांच्यामध्ये, माशी चालण्यापुरती जागा सोडते. ती साधारण पाऊण सेंटिमीटर असते. सातेरीची किंचित कमी. जागा याहून अरुंद असेल तर माश्या ती डिंकाने नाहीतर मेणाने बुजवतात, रुंद असेल तर तिथे नवं पोळं बांधतात. नेमकी तेवढीच असेल तर मोकळी ठेवतात. अमेरिकेतल्या लोरेन्झो लँगस्ट्रॉथ या पाद्र्याच्या १८५१ मध्ये हे लक्षात आलं आणि त्याने चौकटी त्या मापाने टांगल्या. तोवर जगभर बहुतेक ठिकाणी मध मिळवायचा म्हणजे पोळं कापायचं, मोडायचं, पिळायचं. त्या फटीनंतर पोळं न मोडता बाहेर काढता आलं आणि परत ठेवता आलं. माणसाने माशीला काही शिकवलं नाही, तिने सोडलेली जागा मोजली आणि आपणही तेवढीच सोडली. घरात, शेतात, पोराबाळांशी वागताना कुठे आपण इतकं जवळ जातो की समोरचा ती जागा बुजवून टाकतो, हे ज्याचं त्याने पेटीशी बसून आठवावं.

अंडी-अळ्यांच्या पिलाव्याकडे परत या. मेलिफेराची कामकरी माशी अंड्यापासून २१ दिवसांत बाहेर येते. खोलीचं मेणाचं झाकण कुरतडते, फिकट, ओलसर, केसाळ अंगाने बाहेर पडते, आणि जरा सावरली की तिचं पहिलं काम खोल्या झाडण्याचं. साफ केलेल्या खोलीत राणी डोकं घालून बघते आणि पसंत पडली तरच अंडं घालते. पुढे ही माशी अळ्यांना भरवेल, मेण काढेल, मकरंद उतरवून घेईल, दारावर पहारा देईल आणि शेवटी रानात जाईल. पण सुरुवात झाडण्यापासून. याच तालुक्यात ऋणमोचनला, पूर्णेच्या काठावर, गाडगेबाबांनी घाट बांधला, आणि आयुष्यभर कुठल्याही गावात पाऊल टाकलं की आधी खराटा हातात घेतला. भातकुलीच्या माणसाला ते काम किती मोठं आहे हे वेगळं सांगायला नको.

आता पाण्याकडे. खरं तर ही गोष्ट सगळ्यांत आधी करायची, माश्या येण्याच्या आधी. अमरावती, अकोला, बुलडाण्याच्या या पट्ट्यात विहीर खोदली तर खारं पाणी लागतं. गोडं पाणी नळाचं, नाहीतर पावसाचं. माश्या थोड्याशा खारट ओलीकडे जाताना दिसतातही. पण वसाहतीला उन्हाळ्यात जे पाणी लागतं ते घर गार ठेवायला लागतं आणि ते रोज, जवळ, न चुकता हवं. पसरट मातीचं परळ घ्या, त्यात गोटे ठेवा म्हणजे माश्या बुडत नाहीत, आणि सावलीत ठेवून रोज सकाळी भरा. पहिल्या दिवसापासून भरा. माश्या एक पाणवठा ठरवतात आणि तिथेच जात राहतात. तुमचं परळ कोरडं असेल तर चैत्रात त्या शेजाऱ्याच्या कूलरवर जातील, आणि मग भांडण माश्यांचं राहत नाही.

वैशाखातली एक दुपार मनासमोर आणा. पारा पंचेचाळिशीला. जमिनीला भेगा. रस्त्यावर कुणी नाही. आता पेटीच्या आत जा. पिलाव्याला लागतं ३४-३५ अंश. बाहेरून दहा अंशांनी ऊन दाबतं आहे, आणि मेण मऊ होऊन पोळं खाली सरकायची भीती आहे. माश्या परळावरून पाणी पोटात भरून आणतात, दारात दुसऱ्या माश्यांच्या तोंडी देतात. त्या ते खोल्यांच्या कडांवर थेंबाथेंबाने पसरवतात. आणि उंबऱ्यापासून आतपर्यंत रांगा करून उभ्या राहिलेल्या माश्या पंख हलवत राहतात. एकीकडून गरम हवा बाहेर, दुसरीकडून कोरडी आत. मकरंद आणणं त्या दुपारी जवळजवळ थांबलेलं असतं. घरात तुमचा कूलर चालू असेल. तो क्षणभर बंद करा आणि खिडकीतून पेटीचा आवाज ऐका. त्यांच्यासाठी तुम्ही करू शकता ते एवढंच: पेटीवर पऱ्हाट्यांचा नाहीतर तुराट्यांचा मांडव, वर ओलं गोणपाट, आणि परळात पाणी. एकही दिवस खाडा नको. बाहेरगावी जायचं असेल तर पाण्यासाठी माणूस ठरवून जा.

फुलांचंही असंच आहे. वर्षाकडे माशीच्या बाजूने बघा. भाद्रपद-आश्विनात बोर आणि तीळ, मग तुरी, मग सांबार बियांवर आलेला, कांद्याचे डेंगळे, आंब्याचा मोहोर, फाल्गुनात पळस, चैत्रात कडुनिंब, मग करंज. त्यानंतर पाऊस पडून रान उमलेपर्यंत मोठी पोकळी. वरूड-मोर्शीच्या संत्र्याला आंबिया बहर असतो, मेळघाटात मोह असतो. खारपाणपट्ट्याच्या वाट्याला ते नाही. पण बाभूळ, बोर, कडुनिंब, करंज ही खारं सोसणारी झाडं आहेत. आपल्या धुऱ्यावरून एकदा फक्त याच नजरेने चालत जा, आणि ट्रॅक्टर वळायला अडचण म्हणून तोडायला काढलेली बोर दिसली तर तिच्यापाशी जरा उभे राहा.

शेवटी मध.

भातकुली हे आदिनाथांचं गाव आहे. दिगंबर जैनांचं हे अतिशय क्षेत्र, दूरदूरचे यात्रेकरू इथे येतात. त्यांच्या श्रावकाचारात मद्य आणि मांस यांच्याबरोबर मधाचाही त्याग सांगितलेला आहे. दहाव्या शतकातल्या अमृतचंद्राचार्यांनी तर पोळ्यातून आपोआप गळलेल्या मधातही हिंसा मानली, कारण त्याच्या आधाराने जगणारे जीव त्यात जातात. ज्या गावाच्या मंदिरात हा विचार शतकानुशतकं जपला गेला, त्या गावात मधाची पेटी ठेवणाऱ्याने तो बाजूला सारून पुढे जाऊ नये. त्याच्यासमोर बसावं.

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो आणि एकनाथांनी ते मराठीत घरोघर पोचवले. त्यांत मधमाशी आहे. फुलाला न दुखवता थोडं थोडं घ्यावं हे तिच्याकडून, आणि साठवलं की साठ्यापायी नाश होतो हेही तिच्याकडून. पण मध काढून नेणारा माणूसही त्या यादीत गुरू आहे, हे आपण विसरतो. कष्ट एकाचे, भोग दुसऱ्याला, हे त्याच्याकडून शिकायचं. पेटी ठेवणारा यांतला कोण? मला वाटतं, याचं उत्तर तो किती काढतो यापेक्षा किती ठेवतो यावर आहे. एक कामकरी माशी जन्मभरात छोट्या चमच्याच्या बाराव्या भागाइतका मध करते. चमचा हातात घेऊन त्याचे मनातल्या मनात बारा भाग करून बघा.

आपल्याकडे आग्या मोहोळ पलिते लावून जाळायची रीत होती, अजूनही आहे. वर्ध्याचे डॉ. गोपाळ पालीवाल यांनी मेळघाटातल्या कोरकू आदिवासींना दुसरी रीत शिकवली: अंगभर संरक्षक कपडे, जाळ नाही, पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापायचा आणि पिलावा झाडावर तसाच ठेवायचा. वसाहत तिथेच राहते, जगते, पुन्हा भरते. त्याच वर्ध्यात १९३४ नंतर गांधीजींच्या ग्रामोद्योग संघाने मगनवाडीत मधमाशी पालनाला जागा दिली होती. तेव्हापासून हा धागा विदर्भात आहे. पेटीत मधकोठी वेगळी असते, मधयंत्रात चौकट फिरवून मध निघतो, अळीला धक्का लागत नाही, रिकामं पोळं परत जातं. अमृतचंद्राचार्यांचा आक्षेप याने पूर्ण मिटतो असं मी म्हणणार नाही. घेणं ते घेणंच. पण ही वसाहत तुम्ही आणली असेल तर पहिल्या वर्षी तिच्या मधाला हात लावू नका. कार्तिकात आलेल्या माश्यांना वैशाख काढायचा आहे, मग आषाढ-श्रावणाचा पाऊस. त्यांच्याकडे त्यासाठी दुसरं काही नाही. साखर घालून मध काढून घेणं हा हिशेब मला पटत नाही. पुढच्या वर्षी तुरी फुलल्यावर कोठी वजनाने जड लागली तर त्यातलं थोडं घ्या.

या सगळ्याला पुरून उरणारी एक गोष्ट आहे, आणि तीत तुमचं एकट्याचं चालत नाही. तूर फुलावर आली की शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी फवारणी होते, ऐन त्याच फुलावर माश्या असतात. सकाळी नऊ-दहापासून दुपारी तीन-चारपर्यंत त्यांचा मुख्य फेरा. त्या वेळात फवारलेलं औषध माशीच्या अंगावरून, परागातून पेटीत जातं आणि दुसऱ्या दिवशी उंबऱ्यासमोर मेलेल्या माश्यांचा सडा पडतो. या औषधांना आपण सवयीने औषध म्हणतो. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. माशी मरते तेव्हा पाठीवर पंप घेतलेला माणूसही त्याच हवेत असतो.

फवारणी टाळता येत नसेल तर ती सूर्य मावळल्यावर करता येते. माश्या घरी आलेल्या असतात, सकाळपर्यंत पानं बऱ्यापैकी सुकतात, वाराही पडलेला असतो, त्यामुळे फवारणाऱ्याच्या तोंडावरही कमी येतं. आदल्या दिवशी कळलं तर मधपाळ रात्री दाराला जाळी लावून, सावली आणि पाणी देऊन, एक दिवस माश्या आत ठेवू शकतो. यासाठी पैसे लागत नाहीत, निरोप लागतो. म्हणून पेटीची ऑर्डर देण्याआधी धुऱ्याला धुरा असलेल्या प्रत्येकाच्या घरी जाऊन या. चहा घ्या, पेटी कुठे ठेवणार ते सांगा, तूर कधी फवारता ते विचारा, आणि फोन नंबर देऊन या.